पोर्ट्समथची पारख

अमेरिकेस जाऊन आलेल्या माणसाने नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि डिस्नेची नगरी या तीन गोष्टींविषयी चकार शब्द काढला नाही, तर आपल्याकडे त्याच्या प्रवासाविषयीच शंका घेतात. तेव्हा ही तिन्ही स्थळे आम्ही यथासांग पाहिली, एवढे आधीच नमूद करतो आणि वाचकांना चौथ्याच एका ठिकाणी घेऊन जातो. ते ठिकाण म्हणजे व्हर्जिनिया राज्यातील पोर्ट्समथ गावच्या एका हायस्कुलाची व्यायामशाळा. तेथे धबधबा नाही की पुतळा नाही. गुळगुळीत लाकडी जमीन, दोन टोकांना दोन लोखंडी कड्या आणि भिंतीलगत चढत गेलेली बाकडी. पण दर एप्रिलमध्ये चार दिवस त्या बाकड्यांवर अशी माणसे येऊन बसतात की, त्यांच्या वहीतल्या एका ओळीने बावीस वर्षांच्या पोराचे आयुष्य इकडचे तिकडे व्हावे.

पलीकडच्या नॉरफोक गावी माझा भाचा असतो. पेशाने इंजिनिअर, पण बास्केटबॉलचे वेड असे की, ऑफिसातल्या कामापेक्षा कॉलेजांच्या संघांचे आकडे त्याला अधिक पाठ. तो म्हणाला, "मामा, मुली पाहण्याचे कार्यक्रम तुम्ही जन्मभर पाहिलेत. चला, इथला मुलगे पाहण्याचा कार्यक्रम दाखवतो."

हे ऐकताच, खेळाच्या नावाने एरवी जांभई देणारी आमची सौ. चटकन चपला घालून तयार झाली.

नॉरफोक आणि पोर्ट्समथ ही एलिझाबेथ नदीच्या दोन काठांवरची गावे. मधून छोटी उतारूबोट चालते. बोटीतून दोन्ही काठांवर राखाडी रंगाची लढाऊ जहाजे आणि आकाशात माना काढून उभ्या असलेल्या याऱ्या दिसतात. पोर्ट्समथची गोदी १७६७ सालची, म्हणजे अमेरिका स्वतंत्र होण्याच्याही आधीची. ती अजून चालू आहे. फक्त तिचे अधिकृत नाव 'नॉरफोक नौदल गोदी' असे आहे. घर आपले आणि पाटी शेजाऱ्याची! अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६२ साली, ज्या चिलखती जहाजाने लाकडी युद्धनौकांचा काळ संपवला, ते 'व्हर्जिनिया' जहाज इथेच तयार झाले. १८३३ साली पहिल्यांदा वापरात आलेली दगडी सुकी गोदीही येथे आहे. सुक्या गोदीत जहाज घेतले की पाणी उपसून टाकतात आणि एरवी कोणाला न दिसणारा जहाजाचा तळ उघडा पडतो. मग जुने कारागीर हातोडीने पत्रा ठोकीत आणि आवाजावरून गंज कुठे पोखरतो आहे ते ओळखीत. या गावाने मुलगे पाहण्याचा कार्यक्रम सुरू करावा, यात मला पुढे मुळीच आश्चर्य वाटले नाही.

आता हा कार्यक्रम काय ते सांगतो. अमेरिकेत धंदा म्हणून बास्केटबॉल खेळणारे मोठे संघ तीस. दरसाल जून महिन्यात हे संघ नव्या खेळाडूंची वाटणी करतात. एकेकाने पाळीने नाव पुकारायचे, अशा दोन फेऱ्या. म्हणजे हिशेबाने साठ नावे. एखाद्या संघाने नियम मोडला तर दंड म्हणून त्याची पाळी जाते आणि नावे साठाहूनही कमी होतात. शेकडो कॉलेजांत हजारो पोरे खेळतात. शिवाय युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलियातले उमेदवार वेगळे. त्या सगळ्यांतून हे साठ.

यात एक मोठी सोय अशी की, जो संघ मागल्या हंगामात तळाला राहिला, त्याला आधी निवडण्याचा मान. पण मान मिळतो म्हटल्यावर हरण्यातही लोकांना गोडी वाटू लागते. म्हणून १९८५ सालापासून पहिल्या काही पाळ्यांसाठी सोडत काढतात. टेबलटेनिसचे चौदा चेंडू एका यंत्रात घुसळून चार बाहेर काढायचे, त्यांच्या एक हजार एक जुळण्या होतात, त्या संघांना वाटून दिलेल्या असतात. तळाच्या तिन्ही संघांना सारखीच, शंभरात चौदा एवढी संधी, असा नियम २०१९ साली झाला. २०२५ साली डॅलसच्या संघाला संधी होती शंभरात दोनाहूनही कमी. तरी सोडत त्यालाच लागली आणि त्याने ड्यूक विद्यापीठाचा कूपर फ्लॅग हा मुलगा उचलला. त्या वेळी फ्लॅगचे वय होते अठरा.

हे अठरा वर्षांचे वय लक्षात ठेवावे, कारण पोर्ट्समथची सारी व्यथा त्यात आहे. २००५ साली ठरलेल्या नियमाप्रमाणे निवडीच्या वर्षात मुलाला एकोणीस वर्षे पुरी व्हायला हवीत आणि शाळा सुटून एक वर्ष झालेले हवे. म्हणजे जो खरा हुशार, तो कॉलेजात एक वर्ष काढतो आणि निघतो. चार-चार वर्षे कॉलेजात राहून पदवीपर्यंत पोचलेला बावीस-तेवीस वर्षांचा खेळाडू संघवाल्यांच्या दृष्टीने घोडनवरा! "इतका चांगला असता तर आतापर्यंत राहिला कशाला असता?" असा तो न्याय. आपल्याकडे हाच प्रश्न मुलींच्या बाबतीत किती निर्दयपणे विचारला जातो, ते सौ.ने मला वाटेतच ऐकवले. २०२१ सालापासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळवण्याची मुभा झाली, त्यामुळे कॉलेजात अधिक काळ टिकणे हल्ली तोट्याचे राहिलेले नाही. पण निवडीच्या बाजारातली वयाची अढी अजून पुरती गेलेली नाही.

पोर्ट्समथला येतात ते हे घोडनवरे. कॉलेजातली आपली वर्षे खेळून संपवलेल्यांनाच येथे आमंत्रण. चौसष्ट मुलगे, त्यांचे आठ संघ, प्रत्येक संघाला तीन सामने, चार दिवसांत बारा सामन्यांचा खेळ. गावच्या हौशी मंडळींनी १९५३ साली ही स्पर्धा सुरू केली आणि गावच ती चालवीत आले आहे. संघांना नावेही गावातले क्लब आणि व्यापारी पेढ्या यांची. मोटार विकणाऱ्याचे नाव छातीवर मिरवीत कॅलिफोर्नियाचा मुलगा ओहायोच्या मुलाबरोबर खेळतो. परवापर्यंत दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते.

मे महिन्यात शिकागोला याच कामाचा मोठा दरबार भरतो, त्याविषयी थोडक्यात सांगतो. तिथे निमंत्रण जून महिन्यात नाव निघण्याची बरीच आशा असलेल्यांना. त्यांची अनवाणी उंची, वजन, दोन्ही हात पसरल्यावर एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंतची लांबी, हात वर करून उभे राहिल्यावर पोहोच, पंजाची लांबी-रुंदी, जागच्या जागी उडी, धावत येऊन उडी, वळणावळणाने पळण्याचा वेग, सारे मोजून कागदावर उतरते. सामान्य माणसाची पसरलेल्या हातांची लांबी त्याच्या उंचीइतकीच भरते. या मुलांची ती उंचीहून कितीतरी इंच जास्त असते, आणि जितकी जास्त तितका भाव चढा. कारण १८९१ सालच्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वाय.एम.सी.ए. शिक्षणसंस्थेत जेम्स नेस्मिथ या मास्तरांनी पीच फळांच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकून हा खेळ काढला, तेव्हा कठडा होता दहा फुटांवर. कडी आजही तिथेच आहे. वाय.एम.सी.ए.च्याच हाताने हा खेळ जगभर गेला. मुंबईच्या नागपाड्यातल्या पोरांना त्याचे वेड लागले तेही त्याच वाटेने.

अनवाणी उंचीवर एवढा जोर का, असे मी भाच्याला विचारले. तो हसला. संघांच्या पत्रकांत खेळाडूंच्या उंच्या वर्षानुवर्षे बुटांसकट, वर आणखी इंचभर दक्षिणा घालून छापल्या जात. शेवटी २०१९ साली अनवाणी मोजून खरी उंची कळवा, असे संघांना सांगावे लागले. यावर सौ. म्हणाली, "म्हणजे स्थळांच्या टिपणांतली लबाडी सातासमुद्रापलीकडेही आहेच म्हणायची!"

पण मापे खरी असली तरी निकाल खरा ठरतोच असे नाही. २००७ साली टेक्सास विद्यापीठाचा केविन ड्युरँट नावाचा किडकिडीत मुलगा मोजमापाला आला. १८५ पौंडांचे वजन छातीवरून उचलायची परीक्षा होती. त्याला ते एकदाही उचलता आले नाही. पहिल्या पाळीला पोर्टलंडच्या संघाने ग्रेग ओडेन हा धिप्पाड मुलगा घेतला. ओडेनच्या गुडघ्यावर पहिल्या हंगामाआधीच शस्त्रक्रिया झाली आणि त्याच्या साऱ्या कारकिर्दीत मिळून सामने झाले फक्त एकशे पाच. वजन न उचलता आलेला ड्युरँट २०१४ साली सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००९ साली डेव्हिडसन या लहानशा कॉलेजचा स्टीफन करी अंगाने बारीक म्हणून सातव्या पाळीपर्यंत उरला. कडीपासून लांब उभे राहून तीन गुणांचे सर्वाधिक चेंडू टाकण्याचा विक्रम २०२१ पासून त्याच्या नावावर आहे.

याच पोर्टलंडची आणखी एक जुनी गोष्ट सगळे हसून सांगतात. १९८४ साली ह्यूस्टनने हकीम ओलाजुवान घेतला, पोर्टलंडने केंटकी विद्यापीठाचा सात फुटी सॅम बोवी घेतला आणि तिसऱ्या पाळीला शिकागोला मायकेल जॉर्डन मिळाला. जॉर्डन हातचा घालवला म्हणून पोर्टलंडला चाळीस वर्षे लोक हिणवताहेत. परंतु त्यांच्याकडे जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आदल्या वर्षीच आलेला होता. त्यांना उंच माणूस हवा होता. बोवीचा पाय कॉलेजात असताना मोडला होता आणि दोन हंगाम फुकट गेले होते, म्हणून त्यांनी त्याला तासन् तास तपासले. डॉक्टर लहानशी हातोडी घेऊन त्याच्या डाव्या नडगीवर ठोकीत आणि विचारीत, दुखते का? तो म्हणे, नाही. दुखत होते, हे बोवीने स्वतः पुढे २०१२ सालच्या एका चित्रपटात सांगितले.

ही हकिकत भाच्याने उतारूबोटीत सांगितली तेव्हा समोर गोदी दिसत होती. पत्रा खोटे बोलत नाही, पोरगा बोलतो. आणि का बोलू नये? 'दुखते' म्हटले असते तर घरच्यांच्या वाट्याला आलेला सुखाचा घास त्याने स्वतःच्या तोंडाने परत पाठवला असता. तो खोटारडा होता असे मला म्हणवत नाही. तरीही तो दहा हंगाम मोठ्या संघांतून खेळला, हे हसणारे लोक सांगायचे विसरतात.

तर आता व्यायामशाळेत जाऊ. ती गावाच्या पश्चिमेस चर्चलँड भागातल्या हायस्कुलाची. अनेक वर्षे हे सामने तिथेच होत आले. आत शिरताच घामाचा, रबराचा आणि मक्याच्या लाह्यांचा संमिश्र वास. एका बाजूला गावकरी बायकामुलांसह आलेले, दुसऱ्या बाजूला ओळीने बसलेले पारखी. तिसाच्या तीस संघांची माणसे येथे येतात. शिवाय युरोपातल्या क्लबांचे आणि खेळाडूंचे मुखत्यार. कोणी माजी खेळाडू, गुडघे कुरकुरत असल्यामुळे पाय लांब करून बसलेले. कोणी कालचे कॉलेजकुमार वाटावेत असे पोरसवदा, मांडीवर छोटे यंत्र घेऊन आकडे भरणारे. टाळ्या कोणी वाजवीत नाही. एखाद्याने उडी मारून कडीत चेंडू असा काही कोंबावा की, गावकऱ्यांनी छप्पर डोक्यावर घ्यावे. आणि या रांगेत एकाही चेहऱ्यावरची सुरकुती हलू नये. पोहे उत्तम झाले म्हणून मुलाकडची मंडळी तोंडावर सांगतात थोडीच!

माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ होते. मी नवखा, म्हणून चेंडूकडे पाहत होतो. ते चेंडूकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर एका मुलाच्या पायांवर खिळलेली. मध्यंतरात मी भीत भीत विचारले, तेव्हा त्यांनी मोकळेपणाने समजावून दिले. चेंडू हातात असताना काय करतो ते चित्रफितीत दिसते, ते घरी बसून पाहून झालेले आहे. येथे यायचे ते चेंडू हातात नसताना काय करतो ते पाहायला. नेम चुकल्यावर कपाळाला हात लावतो की माघारी पळतो? आपला माणूस पडला तर हात द्यायला किती जण येतात आणि त्यात हा असतो का? बदली करून बाकावर बसवले की टॉवेल डोक्यावर घेतो की खेळ पाहतो? चार दिवसांपूर्वी भेटलेल्या सोबत्याला बचावात ओरडून सावध करतो का? कॉलेजात सगळा खेळ ज्याच्याभोवती फिरत होता, त्याला मोठ्या संघात दहा मिनिटांपुरते आणि तेही दुसऱ्यासाठी राबावे लागणार. ते त्याच्या रक्तात आहे का?

आकड्यांनाही ते नावे ठेवीत नव्हते. कॉलेजात तीन गुणांची रेघ कडीपासून सुमारे बावीस फुटांवर, मोठ्या संघांत पावणेचोवीस. तेव्हा कॉलेजातला नेम पुढे तसाच राहील याचा भरवसा नाही. त्यासाठी पंधरा फुटांवरून, समोर कोणी अडवायला नसताना टाकायचे जे दंडाचे चेंडू असतात, त्यांचा हिशेब पाहतात. हात मुळात गोडा आहे की नाही ते त्यात कळते. दुबळ्या कॉलेजांविरुद्ध मिळवलेले गुण आणि तगड्यांविरुद्ध मिळवलेले गुण निरनिराळे धरतात. हे सारे करून मग व्यायामशाळेत येऊन बसतात.

अशा पाहण्यातूनच या गावाने मोठमोठे मोहरे दिले. वॉशिंग्टन राज्यातल्या गोंझागा कॉलेजचा बेताच्या अंगाचा जॉन स्टॉकटन १९८४ साली येथे खेळला. पुढे सोबत्यांना चेंडू पुरवून गुण मिळवून देण्याचा १५,८०६ चा विक्रम त्याने केला, म्हणजे जगाने मोजली ती दुसऱ्यासाठी केलेली मेहनत. १९८६ साली डेनिस रॉडमन आला. तो शाळेनंतर डॅलसच्या विमानतळावर झाडू मारीत होता आणि मग एकाएकी ताडमाड वाढला. १९८७ साली आर्कान्सामधल्या हँबर्ग गावचा स्कॉटी पिपेन आला. बारा भावंडांतला धाकटा, बाप कागदाच्या गिरणीत कामाला, पुढे पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला. कॉलेजात तो आधी संघाचे सामानसुमान सांभाळायचा. पोर्ट्समथला आला तेव्हा थोड्यांनाच त्याचे नाव ठाऊक होते. जूनमध्ये तो पाचव्या पाळीला निवडला गेला आणि शिकागोच्या संघात जॉर्डनबरोबर सहा अजिंक्यपदे जिंकला. २०११ साली येथे सर्वोत्तम ठरलेला जिमी बटलर पहिल्या फेरीतल्या अगदी शेवटच्या, तिसाव्या पाळीला निघाला आणि नामवंत झाला.

ही नावे ऐकली की वाटते, छान, गुणांचे चीज होतेच! पण मी ज्याच्याकडे पाहत होतो तो निळ्या बनियनमधला मुलगा यांतला नव्हता. पहिल्या दिवशी त्याचे पाच नेम लागोपाठ चुकले. पाचव्यांदाही तो सगळ्यांच्या आधी माघारी पळाला, आणि माझ्या शेजारच्या गृहस्थांनी वहीत काहीतरी लिहिले. वरच्या बाकावर त्याचे आईबाप होते. बापाने चारही दिवस तोच कोट घातला होता. आई सामना चालू असताना खाली पाहायची आणि गलका झाला की नवऱ्याच्या चेहऱ्याकडे. शेवटच्या सामन्यानंतर ती मुलाला एवढेच म्हणाली, "जेवलास का?" इंग्रजीत म्हणाली, पण सौ.ला भाषांतराची जरूर पडली नाही. ती डोळे पुसत होती.

जून महिन्यात ब्रुकलिनच्या झगमगाटात नावे पुकारली गेली, ती भाच्याने रात्री जागून ऐकली. निळ्या बनियनवाल्याचे नाव त्यांत नव्हते. पोर्ट्समथच्या चौसष्टांपैकी बहुतेकांचे कधीच नसते. ते मग दुय्यम संघांत, तुर्कस्तानात, इटलीत, जपानात पोट भरायला जातात. काही शाळांत मास्तर होतात. निवड न झालेल्यांतही रत्ने निघतात हे खरे. याच राज्याच्या रिचमंड गावातल्या कॉलेजचा बेन वॉलेस १९९६ साली कोणीच घेतला नाही. तो चार वेळा बचावातला सर्वोत्तम ठरला आणि २०२१ साली खेळाच्या कीर्तिमंदिरात जाऊन बसला. पण रत्न निघाले नाही तरी त्या चार दिवसांत माघारी पळालेले पाय फुकट गेले, असे मला वाटत नाही. तो मुलगा जिथे कुठे कामाला लागेल, तिथे ते पाय त्याच्याबरोबर जातील.

पारख्यांच्या वहीला आपण जन्मपत्रिका समजू नये, एवढे या गावाने मला शिकवले. ही निवडीची पद्धत सुरू झाली १९४७ साली. तेव्हा साऱ्या देशातून अगदी पहिले नाव पुकारले गेले ते क्लिफ्टन मॅकनीली या टेक्सासच्या मुलाचे. पुकारले पिट्सबर्गच्या संघाने. मॅकनीली गेलाच नाही. धंदेवाईक सामना तो जन्मात एकही खेळला नाही. टेक्सासमधल्या पँपा गावच्या हायस्कुलात तो पोरांना खेळ शिकवीत राहिला आणि त्याच्या पोरांनी राज्याचे अजिंक्यपद एकदा सोडून अनेकदा आणले. ज्या संघाने त्याला निवडले होते, तो मात्र पुढचा हंगाम न खेळताच बंद पडला.